गोळ्या मोफत, मग अडतं कुठे? – वाचकांचे प्रश्न

एचआयव्हीच्या सरकारी उपचारांविषयी या वेळी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून पत्रं आली. सरकारी केंद्रांत ही औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात, हे जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी प्रश्न होतेच, आणि ते रस्त्याचे, बुडालेल्या रोजाचे, कागदांचे आणि ‘कोणी बघितलं तर?’ या भीतीचे होते. नावं गाळून, ओळख पटेल असे तपशील बदलून उत्तरं देत आहोत. उत्तरं एआरटी केंद्रांच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या या सरकारी केंद्रांच्या, कामाची जवळून माहिती असलेल्या समुपदेशक आणि डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी बोटीवर खलाशी आहे. एकदा बंदर सोडलं की आठ-दहा दिवस परत येणं नाही. रत्नागिरीच्या सिव्हिलमधून दर महिन्याला गोळ्या घेतो. तारीख नेमकी बोट समुद्रात असताना येते. दोनदा गोळ्या संपल्या. नाखव्याला कारण सांगू शकत नाही. काय करावं? (दापोली तालुका)

दर महिन्याला जायचं, हा नियम प्रत्येकासाठी आयुष्यभराचा नाही. उपचार सुरू होऊन सहा महिने उलटले असतील, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) काबूत असेल आणि गोळ्या चुकत नसतील, तर केंद्र एकदम तीन महिन्यांचा साठा देऊ शकतं. बरेच जण हे मागतच नाहीत. समुपदेशकाला स्पष्ट सांगा, ‘मी मासेमारीला जातो, मला तीन महिन्यांच्या गोळ्या हव्यात.’ तुमच्या गोळ्या दोनदा संपल्या आहेत, हेही लपवू नका. ते कळलं की डॉक्टर आधी व्हायरल लोड तपासतील आणि तो ठीक निघाला तर साठा वाढवतील. लपवलंत तर केंद्राच्या कागदावर तुम्ही नुसते ‘अनियमित’ राहता, आणि अनियमित रुग्णाला जास्त साठा देताना कोणीही कचरणारच.

१ जून ते ३१ जुलै बोटी बंदरात असतात. रक्त द्यायची सगळी कामं या दोन महिन्यांत बसवा. पहिल्या वर्षी व्हायरल लोड सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा होतो. वर्षाची ही तपासणी जूनमध्ये आणून ठेवली की हंगामात फक्त गोळ्या घ्यायला जावं लागेल. तेवढ्यासाठीही तुम्हाला जमलं नाही, तर घरच्या विश्वासातल्या माणसाला ग्रीन बुक (केंद्राने दिलेली उपचारांची नोंदवही) देऊन पाठवता येतं. मात्र केंद्राला आधी कळवायला हवं. न कळवता भाऊ जाऊन उभा राहिला तर त्याला परत पाठवतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुमची माहिती ते कोणाही माणसाच्या हाती देऊ शकत नाहीत.

आता बोटीवरचं. बहुतेकांना टीएलडी ही एकच गोळी असते: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५०. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही घ्या. जाळी ओढायच्या वेळा रोज बदलतात, म्हणून घड्याळापेक्षा रोज नक्की होणाऱ्या एखाद्या कामाला गोळी जोडावी, जसा सकाळचा पहिला चहा. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका. महिन्याच्या तीस गोळ्यांत एखादी चुकली तर निभावतं. त्यापुढे औषधाची रक्तातली पातळी उतरते, विषाणू वाढू लागतो, आणि त्या थोडक्या औषधाला दाद न देणारे विषाणू तेवढे मागे उरतात. मग तीच गोळी पुन्हा नेमाने घेऊनही उपयोग होईलच असं नाही.

कोणी ओळखू नये म्हणून गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा कागदाच्या पुडीत बांधून नेण्याची पद्धत बोटींवर सर्रास आहे. तसं करू नका. बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते. ती बाहेर टाकू नका आणि गोळ्या बाटलीबाहेर काढून ठेवू नका. खाऱ्या, दमट हवेत उघड्या गोळ्या लवकर खराब होतात. बाटलीच एखाद्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खुळखुळ वाजू नये म्हणून बाटलीभोवती कापड गुंडाळा. इंजिनाजवळ आणि बर्फाच्या खणात ठेवू नका. फेरी लांबली तर म्हणून किमान सात गोळ्या जास्तीच्या सोबत असू द्या.

बोटीवर पित्त झालं की अनेक जण अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घेतात. त्यातली ही द्रव्यं डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात पोचत नाही. एचआयव्हीची गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. ओमेप्राझोलसारख्या गोळीने ही अडचण येत नाही. डॉक्टरांना विचारून तीच सोबत ठेवा.

नाखव्याला कारण सांगायला तुम्ही कायद्याने बांधलेले नाही.

प्रश्न : मुंबईला मिस्टरांच्या आजारपणात माझी तपासणी झाली. आता मी गावी, राजापूर तालुक्यात आहे. नणंद गावची आशा सेविका आहे. तालुक्याच्या दवाखान्यात गेले तर संध्याकाळपर्यंत वाडीला कळेल. म्हणून अजून कुठेच नाव घातलेलं नाही. कोल्हापूरला गेले तर चालेल का? एसटीची सवलत मिळते असं ऐकलं.

चालेल. देशातल्या कुठल्याही एआरटी केंद्रात तुम्ही नाव घालू शकता, स्वतःच्या जिल्ह्याचं बंधन नाही. तरी निर्णय घ्यायच्या आधी थोडा हिशेब करू.

कोल्हापूर म्हणजे अणुस्कुरा घाट. पावसात दरड कोसळली की घाट बंद होतो, आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत तुम्हाला वारंवार जावं लागणार. तुमच्यासाठी ओरोसचं जिल्हा रुग्णालय सोयीचं वाटतं. ते सिंधुदुर्गात आहे, म्हणजे नणंदेच्या कामाच्या जिल्ह्याबाहेर, आणि महामार्गाने घाट न चढता जाता येतं. रत्नागिरी हा दुसरा पर्याय. मोठ्या रुग्णालयाचा आणखी एक फायदा आहे: तिथे माणूस शंभर कारणांनी जातो. ‘डोळे दाखवायला गेले होते’ म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. वर्षभराने सगळं स्थिर झालं की जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून, फक्त गोळ्या घ्यायची सोय होऊ शकते. ती घ्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

नणंदेचं काय? एआरटी केंद्रातल्या रुग्णांची यादी आशांकडे जात नाही. बातमी फुटते ती बहुधा दुसऱ्या वाटेने. तुम्ही ठरल्या दिवशी गोळ्या घ्यायला गेला नाहीत, तर केंद्रातून फोन येतो, तो लागला नाही तर कोणीतरी घरी येतं, आणि अंगणात अनोळखी माणूस उभा राहिला की वाडी बोलायला लागते. नोंदणीच्या वेळीच समुपदेशकाला सांगा की घरभेट नको. फक्त तुमच्या हातात असतो तोच नंबर द्या, फोन कधी करायचा आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय म्हणायचं, हेही ठरवून घ्या. हे सगळं त्यांच्याकडे लिहून घेतात. आणि जायला जमणार नसेल त्या दिवशी तुम्हीच आधी फोन करा.

जाताना मुंबईचा तपासणी अहवाल न्या. तपासणी खासगी लॅबमध्ये झाली असेल तर त्याच रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पुन्हा रक्त घेतील. तिथे तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात आणि त्याच दिवशी कळतं. फोटो आणि पत्ता असलेलं एखादं ओळखपत्र सोबत असू द्या, पण ते नाही एवढ्याच कारणावरून उपचार नाकारायचे नसतात. मग डॉक्टर खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम, या चार गोष्टी विचारतील. क्षयरोग आढळला तर आधी त्याचा उपचार सुरू करतात आणि एचआयव्हीच्या गोळ्या थोड्या मागाहून. ही टाळाटाळ नव्हे. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, यकृत, साखर, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, एवढ्या तपासण्या मोफत होतात. २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी उपचार सुरू करतात. ‘अजून तब्येत चांगली आहे, नंतर या’ असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. सगळं ठीक असेल तर गोळ्या त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात हातात पडतात. रक्त सकाळीच घेतात. पहिली गाडी धरा, नाहीतर त्याच कामासाठी पुन्हा यावं लागेल.

सवलतीबद्दल. एसटीत एचआयव्ही बाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. पण त्यासाठी कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि गावच्या गाडीचा कंडक्टर गावाला ओळखतो. आजार लपवायचा म्हणून लोक पूर्ण तिकीट काढतात, आणि एका चांगल्या योजनेचा उपयोग ज्याला सर्वात जास्त हवा त्यालाच होत नाही. कार्डावर आजाराचं नावच नको, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी. तुमच्यापुरता उपाय सोपा आहे: मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्याला कारण सांगावं लागत नाही, वेगळं कार्डही लागत नाही. रेल्वेत द्वितीय श्रेणीला ५० टक्के सवलत आहे, तिच्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र केंद्रातून मिळतं.

संजय गांधी निराधार योजनेतही हा आजार बसतो. महिना १,५०० रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. तलाठ्याकडून लागतो तो उत्पन्नाचा दाखला, आणि त्यावर आजाराचा उल्लेख लागत नाही. आजाराचं प्रमाणपत्र गावात कोणाकडे न देता थेट तहसील कार्यालयात, बंद पाकिटात द्या.

ताई, एक गोष्ट मात्र लांबवू नका. नाव घालायचं राहिलंय, ते याच आठवड्यात घाला.

प्रश्न : माझ्या आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदार असतात. त्यातला एक आजारी पडला, तपासणीत एचआयव्ही निघालं. त्याला इथे मोफत उपचार मिळतील का? बाकीचे त्याच्यासोबत राहतात, जेवतात. सगळ्यांची तपासणी करून घेऊ का? (देवगड)

उपचार मिळतील. पत्त्याचा पुरावा म्हणून तुमची चिठ्ठी पुरेल. तो कुठे राहतो आणि कधीपासून, एवढंच लिहा, आजाराबद्दल काही नको. भाषेची अडचण असेल तर दुभाषा म्हणून कोणाला न्यायचं हे त्याला निवडू द्या. तुम्ही निवडलेल्या माणसासमोर तो खरं बोलेलच असं नाही.

बाकीच्यांची तपासणी करून घेऊ नका. एकत्र जेवण, एक खोली, एक विहीर, डास, यांतून एचआयव्ही पसरत नाही. शिवाय २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तो संमतीशिवाय तपासणी करायला आणि नोकरीसाठी तपासणीची अट घालायला मनाई करतो. राखणदाराचा अहवाल तुम्हाला कळला आहे, तो तुमच्यापाशीच राहू द्या. त्याला कामावरून काढलंत तर तोही कायद्याचा भंग होईल.

खरी अडचण मे-जूनमध्ये येईल. हंगाम संपला की तो गावी जाणार आणि गोळ्या सुटणार. नेपाळमध्येही सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत आहेत. निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी त्याला केंद्रात पाठवा. परत येणार असेल तर जास्तीचा साठा मागावा, कायमचा जाणार असेल तर ट्रान्सफरचं पत्र घ्यावं. पत्रावर औषधांची पूर्ण नावं, सुरू झाल्याची तारीख आणि शेवटचा व्हायरल लोड असला की तिकडे नव्याने सुरुवात करावी लागत नाही. केंद्रात जायच्या दिवसाचा रोज कापू नका, ही आमची तुम्हाला विनंती. हे एवढं केलंत तरी त्याच्या वाटेतला मोठा अडथळा दूर होतो.

प्रश्न : सून गरोदर आहे, पाचवा महिना. तपासणीत एचआयव्ही आलं. गोळ्या सुरू झाल्या. सोबत लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आहेत. सगळ्या एकदम घेतल्या तर चालतात का? बाळाला अंगावर पाजावं का? (माणगाव)

लोह आणि कॅल्शियमही डोल्युटेग्रॅव्हिरला अडवतात, पण फक्त उपाशीपोटी. जेवणासोबत घेतल्या तर एचआयव्हीची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम एकत्र चालतं. सर्वात सोपं असं: रात्री जेवताना एचआयव्हीची गोळी आणि लोह, दुपारी जेवताना कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, ती एकमेकांनाही अडवतात.

उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. नीट उपचार घेतले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. त्यासाठी ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड व्हायलाच हवा, कारण बाळाला जन्मानंतर एक औषध द्यायचं की दोन, आणि किती आठवडे, हे त्यावर ठरतं. नमुना बाहेर पाठवतात आणि अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून ३२ व्या आठवड्यातच रक्त द्या. बाळंतपण सरकारी रुग्णालयात करायचं ठरवा. बाळाचं पातळ औषध तिथे जन्मल्यावर लगेच सुरू होतं आणि किमान सहा आठवडे चालतं. माहेरी बाळंतपणाला जाणार असेल तर तिथल्या रुग्णालयाला आधी कळवा. औषध हुकतं ते बहुतेक वेळा इथेच.

अंगावर पाजावं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, बाकी काही नाही. पाणी, मध, घुटी, वरचं दूध नको. आईचं दूध आणि वरचं, दोन्ही मिळून देण्यात धोका जास्त. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करून अंगावरचं चालू ठेवता येतं, आईच्या गोळ्या मात्र एकही दिवस सुटता कामा नयेत. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणी होते, शेवटची अठरा महिन्यांनी. पहिली ‘नाही’ आली म्हणून पुढच्या सोडू नका.

प्रश्न : औषधं इतकी स्वस्त झाली आहेत, तर गरीब देशांत लोक अजून उपचाराविना का राहतात? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिपळूण)

स्वस्त झाली ती आपोआप नव्हे. २००० सालाच्या सुमारास एका माणसाच्या वर्षाच्या औषधांना दहा हजार डॉलरांहून जास्त लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरांवर आणायची तयारी दाखवली. भारतात तेव्हा औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, म्हणून हे शक्य झालं. ते पेटंट २००५ पासून आलं. आज टीएलडीचा वर्षाचा खर्च ४५ डॉलरांच्या खाली आहे.

पण किंमत हा एकच अडथळा होता असं नाही. कॅमेरूनचं उदाहरण बघा. तिथे २००७ मध्ये औषधं मोफत झाली, पण तपासणी आणि सल्ल्याचे पैसे रुग्णालाच मोजावे लागत राहिले, ते २०२० पर्यंत. गोळी फुकट, पण ती लिहून देणाऱ्यापर्यंत पोचायला पैसे! दुसरा अडथळा पुरवठ्याचा. आपल्याकडेच २०२२ मध्ये काही औषधांचा तुटवडा झाला, रुग्णांना थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळू लागल्या आणि दिल्लीत नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयासमोर रुग्णांनी अनेक दिवस धरणं धरलं. शहरातल्या माणसाला दहा दिवसांच्या गोळ्या म्हणजे त्रास. मंडणगडच्या माणसाला त्या म्हणजे महिन्यात तीन रोज बुडणं. तिसरा अडथळा परक्या पैशांचा: आफ्रिकेतले अनेक देश परदेशी मदतीवर अवलंबून आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवल्याबरोबर कित्येक ठिकाणी समुपदेशक आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते घरी बसले. भारताचा कार्यक्रम मुख्यतः आपल्याच अर्थसंकल्पातून चालतो, ही जमेची बाजू.

प्रश्न : हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. रक्ताचा अहवाल बघून खासगी डॉक्टर म्हणाले, ‘आमच्याकडे सोय नाही.’ तक्रार कुठे करू? (अलिबाग)

आजाराच्या कारणावरून उपचार नाकारणं किंवा वेगळी वागणूक देणं बेकायदेशीर आहे. अशा रुग्णासाठी वेगळी ‘सोय’ लागतच नाही, जी काळजी घ्यायची ती प्रत्येक रुग्णाच्या वेळी घ्यायची असते. ‘स्पेशल किट’च्या नावाने जादा पैसे मागितले तर बिलावर ती ओळ लिहून मागा.

नकार कोणी लेखी देत नाही. म्हणून तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, सोबत कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. केसपेपर आणि तपासणीच्या चिठ्ठ्या जपा. कायद्याप्रमाणे राज्याने नेमलेल्या ओम्बड्समनकडे (अशा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. निकाल तीस दिवसांत द्यायचा असतो, तातडीच्या प्रसंगी शक्यतो चोवीस तासांत. अर्ज कुठे द्यायचा हे जिल्हा रुग्णालयातल्या एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकात, म्हणजे डापकूत सांगतील. १०९७ या मोफत क्रमांकावरही विचारता येतं. तक्रार चालू असताना ऑपरेशन मात्र अडवून ठेवू नका. एआरटी केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी घ्या.

प्रश्न : विरारला राहतो, तिथेच उपचार. गणपतीला गावी येतो, या वेळी मुक्काम वाढला आणि गोळ्या संपत आल्या. (कणकवली)

ग्रीन बुक घेऊन ओरोसच्या केंद्रात जा. प्रवासातल्या रुग्णाला ग्रीन बुकावर महिनाभरापर्यंतच्या गोळ्या देता येतात, नाव बदलावं लागत नाही. ग्रीन बुक विरारला राहिलं असेल तर घरच्यांकडून पहिल्या पानाचा आणि शेवटच्या नोंदीचा फोटो मागवा. केंद्राला विरारला फोन करून किंवा संगणकावरच्या नोंदीवरून खात्री करता येते. रिकामी होत आलेली बाटलीही सोबत न्या. गणपतीच्या दिवसांत सुट्ट्या असतात, तेव्हा चार गोळ्या उरेपर्यंत थांबू नका.